भाच्यानं छोटं गॅस ग्रिल गळ्यात मारलंय, सुरुवात कशी करू? (खामला, नागपूर)

खामल्याचा_मामा
२ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

भाचा अमेरिकेतून गाशा गुंडाळून परत आला आणि त्याच्या सामानातलं एक छोटं गॅस ग्रिल "मामा, तुमच्याकडे गच्ची आहे" एवढ्या एका कारणावर माझ्या घरी येऊन पडलं. आकार मधल्या सुटकेसचा. अ‍ॅल्युमिनियमची पेटी, वर झाकण, आत एकच नळी वळवून केलेला बर्नर, त्यावर बिडाची दोन तुकड्यांतली जाळी, खाली तेल-चरबी गळायला ट्रे. एका बाजूला बटण आणि तिथेच छोट्या बाटलीसाठी आटे. बाटली अर्थातच आली नाही, विमानात येऊ देत नाहीत.

घर खामल्यात, वरची गच्ची आमचीच. घरात पोट्टे मांसाहारी, सौ. पक्की शाकाहारी, मी सोयीप्रमाणे. थर्टीफर्स्टला दहा-बारा माणसं जमतील. तर प्रश्न असे: याला आपला गॅस लागतो का? लागत नसेल तर नवीन घेताना काय बघायचं? भरीत, भुट्टे, पनीर, तंगड्या हे सगळं त्यावर होते का? आणि कोळशाच्या सिगडीपेक्षा यात खरंच काही वेगळं आहे, की नुसतं मिरवायचं?

---

पाना_पक्कड
२ डिसेंबर, रात्री १०.१५

मामा, आधी गॅस. खाण्याचं मंडळी सांगतीलच.

तुमच्या ग्रिलला लागणाऱ्या त्या हिरव्या बाटल्या १ पौंडाच्या, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम प्रोपेन. बाटलीतला पूर्ण दाब थेट ग्रिलला मिळतो आणि तो उतरवायचं काम बटणातच बसवलेला रेग्युलेटर करतो. आपल्याकडे ते काम सिलिंडरच्या डोक्यावरच होऊन जाते; घरचा रेग्युलेटर गॅस जवळपास ३० मिलिबारवर आणून नळीत सोडतो. आता हा आधीच उतरलेला गॅस परत त्या दुसऱ्या रेग्युलेटरमधून नेला तर ज्योत मरतुकडी पेटणार. उलट, रेग्युलेटर न लावता सिलिंडर सरळ जोडून देतो असं म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

मग उरतं काय, तर बटणाचा तो भाग काढून साधा कॉक आणि आपल्या गॅसच्या हिशोबाचा जेट, म्हणजे गॅस सुटायचं बारीक भोक. प्रोपेनचा जेट आपल्या एलपीजीला जसाच्या तसा मानवेलच असं नाही, कारण आपल्यात ब्युटेनही बरंच असते आणि त्याला जळायला हवा जास्त लागते. ज्योत पिवळी, काजळी धरणारी येते. शेगडी-भट्टीचं काम रोज करणारा चांगला मेकॅनिक हे करू शकतो, पण तो "जबाबदारी माझी" म्हणाला तरच करा. नाही म्हणाला तर त्यात पैसे घालू नका. आपल्या एलपीजीसाठी बनवलेलं, घरच्या रेग्युलेटरवर चालणारं छोटं ग्रिल घ्या. पाटीवर ३० मिलिबार किंवा २८-३० लिहिलेलं बघा. ५० लिहिलेलं दिसलं तर ते जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या बाजारासाठीचं, सोडून द्या.

सिलिंडर म्हणाल तर १४.२ किलोचं घरचं धूड जिन्यानं वर-खाली करत बसू नका. ५ किलोचा घ्या. इंडियन ऑइलचा 'छोटू' ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, काही पेट्रोल पंपांवरही असतो. भाव बाजारभावानं. दुकानातच तुमचा रेग्युलेटर बसवून बघा आणि कड्याच्या पट्टीवरची तारीख वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे साल. ती तारीख उलटून गेली असेल तर दुसरा मागा.

---

नवखा_निखिल
२ डिसेंबर, रात्री १०.३२

बाजारात ते डोक्यावर बर्नर असलेले छोटे लाल-निळे सिलिंडर मिळतात ना, ते चालतील का? तिथेच भरूनही देतात.

---

पाना_पक्कड
२ डिसेंबर, रात्री १०.४१

नाही चालणार. बिनमार्क्याचा सिलिंडर, आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस पलटी करणं बेकायदेशीर आहे. त्यात किती भरला हे कोणी मोजत नाही, आणि सिलिंडर काठोकाठ भरला तर उन्हात गॅसला फुगायला जागाच उरत नाही. आपल्या गावच्या मे महिन्यात हा खेळ नको.

मामा, राहिलंच. सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी ठेवू नका. एलपीजी हवेहून जड, गळाला तर पायऱ्या उतरत खाली घरात येतो. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी, ५ वर्षांनी बदलायची. प्रत्येक वेळी जोडल्यावर साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा फुगला की बंद. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग आपल्या आळीत अजून आहेत. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोनमध्ये टाकून ठेवा.

---

इतवारी_रस्सा
३ डिसेंबर, सकाळी ८.०५

बाप्पा, हे तं गॅस एजन्सीचं ट्रेनिंग सुरू झालं. चिकन कधी येते?

---

सिगडीचा_धूर
३ डिसेंबर, सकाळी ९.२०

मी स्पष्टच सांगतो. गॅसवर भाजलेलं आणि कोळशावर भाजलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोखंडी सिगडी घ्या, बाभळीचा कोळसा आणा, पंख्यानं वारा घाला. गॅस ग्रिल म्हणजे पैशाचं प्रदर्शन.

---

मनीषनगरची
३ डिसेंबर, दुपारी १.३०

सिगडीचा_धूर, कोळसा मलाही आवडतो. पण धुराची चव म्हणून आपण जी म्हणतो, तिचा मोठा वाटा कोळशातून येतच नाही. चरबी आणि मसाला गळून तापलेल्या निखाऱ्यावर पडतो, तिथे जळतो, तो धूर वर येऊन पदार्थाला लागतो. नीट पांढरा झालेला कोळसा स्वतः फारसा धूर देत नाही. गॅस ग्रिलमध्ये तेच गळणं तापलेल्या बर्नरवर आणि जाळीवर होतं. थोडं कमी होतं, पण होतं. अजून हवा असेल तर आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाच्या ढलप्या फॉइलच्या पुडीत घालायच्या, पुडीला दोन-तीन भोकं, जाळीखाली कडेला ठेवायची. आणि रविवारी रात्री आठ वाजता पाहुणे दारात असताना कोळसा पेटायला जो अर्धा-पाऊण तास लागतो त्याचं काय?

आता मामांसाठी. मी बरीच वर्षं छोट्याच ग्रिलवर करते आहे, तेव्हा एक गोष्ट आधी सांगते, कारण नवीन माणसं इथेच अडतात. ही जाळीवाली शेगडी आहे असं समजून वापरू नका. हिचं सगळं काम झाकणावर आहे. अमेरिकेत खूप चालणारं वेबर क्यू १२०० घ्या उदाहरणाला: बर्नर ८,५०० बीटीयूचा, म्हणजे जेमतेम अडीच किलोवॅट. घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरहून फार पुढे नाही, आणि ती आच एवढ्या मोठ्या जाळीवर पसरायची. झाकण उघडं ठेवून त्यावर तंगड्या ठेवल्या तर खालून करपतील आणि हाडाशी कच्च्या राहतील. झाकण लावलं की कोंडलेली गरम हवा वरून भाजते, जाळी खालून. तेव्हा कुठे अडीच किलोवॅट पुरतात.

पेटवताना मात्र झाकण उघडंच. बंद झाकणात गॅस साचला आणि मग ठिणगी पडली तर भडका तोंडावर येतो. झाकण उघडा, सिलिंडर चालू करा, बटण फिरवा, लगेच ठिणगी. पाच-सात सेकंदांत पेटलं नाही तर बटण बंद, पाच मिनिटं थांबा, मग परत. पेटलं की ज्योत निळी आहे ना ते वाकून बघा. मग झाकण लावून पूर्ण आचेवर दहा ते पंधरा मिनिटं तापू द्या. पाहुण्यांपुढे ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, तरी द्याच. जाळीवर कांद्याची चकती टेकवा, टेकवताक्षणी चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही आणि तुम्ही पनीर ठेवलं, तर ते पनीर जाळीचंच झालं.

अगदी पहिल्या दिवशी काही खाण्याचं ठेवू नका. जाळी धुऊन, पुसून, साध्या रिफाइंड तेलाचा पुसट हात, आणि वीस मिनिटं रिकामं तापवायचं. कारखान्यातलं तेल जळून जातं, वास येतो, घाबरू नका.

---

खामल्याचा_मामा
३ डिसेंबर, रात्री ८.५०

ताई, एकदम खुलासेवार. पाना_पक्कड भाऊ, मेकॅनिकला दाखवलं. म्हणाला, "साहेब, कॉक-जेट बसवून देतो, पण पुढची जबाबदारी घेत नाही." सौ. म्हणाली, "तो घेत नाही तर आपण कशाला घ्यायची?" विषय संपला. आपल्या एलपीजीवर चालणारं एका बर्नरचं, झाकणवालं, बिडाच्या जाळीचं घेतोय. कॅनवर चालणारं टेबलावरचं ग्रिलही दुकानात दाखवलं. ते कसं?

---

पाना_पक्कड
३ डिसेंबर, रात्री ९.१०

दोन-तीन माणसांना, पनीर-मशरूमला ठीक. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॅनमध्ये बहुतेक ब्युटेन असते आणि ब्युटेन शून्याच्या जवळ वाफ होणं सोडून देते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपला पारा ८-१० वर आला, वर कॅन वापरता वापरता स्वतःच गार पडत जातो, की ज्योत बसायला लागते. दुसरी महत्त्वाची: ज्यात कॅन शेजारच्या कप्प्यात बसतो, त्यावर कप्प्यापर्यंत पसरेल असा मोठा तवा किंवा ताट ठेवायचं नाही. आच परतून कॅनवर येते. कॅनवरच ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असते. हे कॅन उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका. मे महिन्यात बंद गाडीत ५० अंश व्हायला दुपारसुद्धा लागत नाही.

---

हिशेबी_माणूस
३ डिसेंबर, रात्री ९.२५

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून. १ किलो एलपीजीत साधारण पावणेतेरा युनिट उष्णता. अडीच किलोवॅटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला २०० ग्रॅमच्या आसपास खातो. म्हणजे ५ किलोचा छोटू पूर्ण आचेवर २५ तास, आणि पूर्ण आच तापवतानाच लागते. अमेरिकेतली ती पौंडाची बाटली सव्वादोन तासांत संपते.

---

इतवारी_रस्सा
४ डिसेंबर, सकाळी ७.५५

आता माहा प्रश्न. सावजी मसाला लावून चिकन भाजलं तं कडू काऊन होते? रश्श्यात तोच मसाला काय लागते! पोट्टं म्हणते बाबा मसालाच जुना आहे. मसाला ताजा आहे, म्या सोता कुटून आणला.

---

मनीषनगरची
४ डिसेंबर, सकाळी ११.१०

मसाल्याचा दोष नाही, भाऊ. सावजी मसाल्यात सुकं खोबरं, खसखस, धने, मिरे, दगडफूल, सगळं आधीच खमंग भाजलेलं. रश्श्यात तो पाण्या-तेलात शिजतो, शंभर अंशांच्या फार वर जात नाही. जाळीवर त्याला दोनशेच्या वर आच लागते. भाजलेलं परत भाजलं की कडवटच होणार. त्यात तुम्ही जवसाचं तेल लावलंत का? लावलं असणार. सावजीत जवस हवंच, पण ते फार लवकर जळतं, ग्रिलवर त्याचं काम नाही.

असं करा. चिकनला आधी फक्त घट्ट दही, आलं-लसूण, मीठ, हळद आणि तिखट. तंगडीला हाडापर्यंत तीन चिरा द्या. रात्रभर ठेवलं तर उत्तम, दोन-तीन तास तरी. जाळीवर ठेवण्याआधी जादाचं दही हातानं निपटून काढा, नुसता लेप राहू द्या. तेल जाळीला ओतायचं नाही, चिकनला चोळायचं. झाकण लावून मध्यम आचेवर अर्धा तास ते पस्तीस मिनिटं, मधेमधे फिरवत. फिरवताना चिमट्याला तंगडी सुटत नसेल तर ओढू नका, मिनिटभर थांबा, भाजली की आपणहून सुटते. सावजी मसाला थोड्या गरम पाण्यात आणि तेलात कालवून घट्ट लेप करा आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत ब्रशनं लावा. मध किंवा साखर घालणारे असतील त्यांनीही ती शेवटीच लावावी.

आणि एक सुईवालं थर्मामीटर घ्या. महाग नसतं. चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश सेल्सिअस दाखवलं की झालं. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं सांगतो, तंगडीच्या आतलं नाही.

---

इतवारी_रस्सा
४ डिसेंबर, सकाळी ११.३०

जवस लावलं होतं बाप्पा. ताईनं घरात कॅमेरा लावला काय?

---

शुद्ध_घासफूस
४ डिसेंबर, दुपारी ३.१५

शाकाहारी मंडळींना कोणी विचारतच नाही. भरीत होतं का नीट?

---

मनीषनगरची
४ डिसेंबर, दुपारी ४.००

भरीत तर घरच्या शेगडीपेक्षा चांगलं होतं, आणि ओटा खराब होत नाही. भरताचं मोठं वांगं घ्या, सुरीनं चार ठिकाणी टोचा (नाही तर आत वाफ कोंडून फुटतं), तेलाचा हात लावा, तापलेल्या जाळीवर ठेवून झाकण बंद. वीस-पंचवीस मिनिटं, दर पाच-सहा मिनिटांनी पाव वळण द्यायचं. साल पूर्ण काळी पडून सुटी झाली पाहिजे आणि देठाजवळ दाबलं तर बोट आत गेलं पाहिजे. देठाजवळच कच्चं राहतं, तिथे बघा. शेजारी लसणाचा अख्खा गड्डा आणि हिरव्या मिरच्या ठेवून द्या, तेवढ्यात त्याही होतात. पातीचा कांदा मात्र कच्चाच घाला, भाजू नका. हे माझं मत आहे, भांडायला कोणी यायचं तर या.

भुट्टे सोलूनच ठेवा, पानांसकट ठेवले तर वाफवल्यासारखे होतात. पनीर जाड कापा, पाऊण इंच तरी. सळीवर लावताना पनीरच्या दोन्ही बाजूंना सिमला मिरची घट्ट दाबून बसवा म्हणजे तुकडा सळीवर गरगर फिरत नाही. चपट्या सळ्या मिळाल्या तर उत्तम.

एक प्रयोग सांगते, हसू नका. आंबिया बहाराची संत्री आत्ता बाजारात आहेत. संत्रं आडवं कापून, कापलेली बाजू खाली, दोन मिनिटं. वर मिरपूड आणि सैंधव.

---

सिगडीचा_धूर
४ डिसेंबर, दुपारी ४.१२

संत्रं भाजायचं? नागपुरात राहून?

---

कोरडवाहू
४ डिसेंबर, रात्री ९.३०

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आमचं शेत काटोलकडे. हिवाळ्यात शेतावर रोडग्यांची पंगत असते, ती सगळ्यांना माहीत आहे. जाडसर कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ, घट्ट मळायची. लहान पारीला तेल लावून वर दुसरी, त्यावर तिसरी, असे थर चढवत गोळा करायचा. गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यात टाकायचे, वरून राख ओढायची. झाले की गोणपाटात धरून राख झटकायची, मुठीनं फोडायचा, पातळ तूप ओतायचं, सोबत वांग्याची रस्सेदार भाजी आणि वरण.

आता आई शहरात आमच्याकडे आहे, गुडघ्यांमुळे शेतावर येववत नाही. तिला रोडगे खायचे आहेत. फ्लॅटच्या गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या तर सोसायटी मला पेटवेल. मामांसारखं ग्रिल माझ्या मेव्हण्याकडे आहे. त्यावर होतील का?

---

मनीषनगरची
४ डिसेंबर, रात्री १०.२०

होतात, पण थेट जाळीवर ठेवलेत तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. एका बर्नरच्या छोट्या ग्रिलमध्ये "ही बाजू गरम, ती बाजू थंड" असं करता येत नाही, म्हणून मध्ये काहीतरी आडवं घालावं लागतं. जुनं स्टीलचं ताट, वाकडं झालं तरी चालेल असं, जाळीवर पालथं घाला. ताट जाळीपेक्षा लहान हवं, चारी बाजूंनी हवा वर यायला जागा राहिली पाहिजे. सगळी जाळी फॉइलनं किंवा ताटानं झाकली तर ज्वाळा खाली कोंडते, बर्नर आणि बटण तापतात. ते करू नका.

ताट ठेवूनच तापवायचं. मग रोडगे लिंबाहून थोडे मोठे करा, शेतावरच्या आकाराचे नको. आच मंद, झाकण बंद, पस्तीस-चाळीस मिनिटं, दर दहा मिनिटांनी फिरवत. बाहेरून तडकायला लागले की ताट चिमट्यानं काढून घ्या आणि थेट जाळीवर चार-पाच मिनिटं डाग पाडा. एक फोडून बघा, मधली पारी सुटी होऊन आली पाहिजे. चिकट असेल तर अजून दहा मिनिटं.

---

सध्या_अटलांटा
५ डिसेंबर, पहाटे ५.०५

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, म्हणून इथे डोकावतो. सगळं बरोबर सांगितलंय. एक भर वाऱ्याची. छोट्या ग्रिलची आच वारा पळवतो. ग्रिल गच्चीच्या कठड्याच्या आडोशाला ठेवा, पण कठड्याला चिकटवू नका, मागे दोन-अडीच फूट मोकळं हवं. आणि झाकण बंद असताना झुळुकीनं बर्नर विझला तर कळत नाही, गॅस चालूच राहतो. चरचर थांबली, धूर थांबला की वाकून बघायचं. विझला असेल तर बटण बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं, मग परत पेटवायचं.

इकडे लोक पावसात शेडखाली, गॅरेजमध्ये ओढून नेतात आणि मग कार्बन मोनॉक्साइडनं दवाखान्यात जातात. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत नको, खिडकी उघडी ठेवली तरी नको.

अवांतर: इथे सुपरमार्केटात भरताचं वांगं मिळतं, पण सगळं पाणी.

---

खामल्याचा_मामा
१५ डिसेंबर, रात्री १०.४५

ग्रिल आलं, छोटू आला, साबणाचा फेस लावून झाला. रिकामं तापवलं तेव्हा शेजारचे काका वर धावत आले, काय जळतंय म्हणून. आज भरीत आणि पनीर केलं. भरीत पहिल्या घासालाच पटलं. सौ.नं देठाजवळ दाबून पाहिलं, परत पाच मिनिटं ठेवायला लावलं.

साफसफाईचं सांगा आता. जाळीवर पनीरची खरपुडी चिकटली आहे. दुकानदारानं तारेचा ब्रश दिलाय.

---

मनीषनगरची
१६ डिसेंबर, सकाळी १०.००

तारेचा ब्रश जपून. जुना झाला की त्याचे केस तुटतात, जाळीला चिकटतात आणि घासातून पोटात जातात. वापरलात तर नंतर ओल्या फडक्यानं जाळी पुसा. मी तारेचा वापरतच नाही. पदार्थ काढल्यावर झाकण लावून पूर्ण आचेवर दहा मिनिटं, जे आहे ते जळून कोरडं होतं. मग अर्धा कांदा लांब काट्याला टोचून कापलेल्या बाजूनं रगडायचा, किंवा फॉइलचा बोळा चिमट्यात धरून. बिडाच्या जाळीला भांडी घासायचा साबण रोज नको, तेलाचा पुसट हात देऊन ठेवा.

खालचा ट्रे मात्र दर वेळी रिकामा करा. त्यात साचलेली चरबी पेटते, आणि ती पेटली तर पाणी ओतायचं नाही. बटण बंद, सिलिंडर बंद, झाकण बंद, विझेपर्यंत लांब.

---

पाना_पक्कड
१६ डिसेंबर, सकाळी १०.३०

आणि महिना-दोन महिने नुसतं ठेवलं तर बर्नरच्या हवेच्या तोंडात कोळी जाळं करतो. खरंच करतो, थट्टा नाही. गॅस उलटा फिरून बटणाकडे पेटू शकतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना बॅटरी घेऊन तोंडात बघायचं, बारीक बाटली-ब्रश फिरवायचा.

---

कोरडवाहू
२२ डिसेंबर, रात्री ९.१५

रोडगे झाले. ताट वाकडं झालं, सांगितल्याप्रमाणे. पहिली खेप मधे चिकट निघाली, पुढच्या खेपेला आकार लहान केला आणि पंचेचाळीस मिनिटं दिली, एकदम बरोबर. आई म्हणाली, गोवरीचा वास नाही. मग तीन खाल्ले.

---

सिगडीचा_धूर
२२ डिसेंबर, रात्री ९.४०

मी काय म्हणत होतो!

---

शुद्ध_घासफूस
२ जानेवारी, दुपारी १२.२०

मामा, थर्टीफर्स्टचं काय झालं? फोटो नाही, काही नाही.

---

खामल्याचा_मामा
२ जानेवारी, रात्री ८.३०

झकास झालं. फोटो काढायला हात कोणाचे मोकळे होते? बारा माणसांना छोटं ग्रिल एका दमात पुरत नाही, हे पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. तंगड्या दोन खेपांत केल्या, पहिली खेप जाड बुडाच्या पातेल्यात झाकून ठेवली. शाकाहारी आधी भाजून घेतलं, मग चिकन, चिमटे वेगळे. सौ.ची अट होती.

आता नवीन प्रश्न. मार्चमध्ये पोट्ट्यांना पेंचकडे जायचं आहे, ग्रिल घेऊन. आणि सौ.ला तेच ग्रिल माहेरी अमरावतीला न्यायचं आहे, रेल्वेनं.

---

पाना_पक्कड
२ जानेवारी, रात्री ८.५५

रेल्वेत ग्रिल न्या, सिलिंडर नाही. भरलेला असो की अर्धा, गॅस सिलिंडर डब्यात नेणं गुन्हा आहे. सासऱ्यांकडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर वापरा, नळी तुमची न्या, तिथे परत फेस लावून बघा.

---

कोरडवाहू
२ जानेवारी, रात्री ९.२०

पेंचचं नाव काढू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून वनविभागाचा वणव्याचा हंगाम, आणि राखीव जंगलात तर बाराही महिने आग लावायला बंदी आहे. सागाचा पाला तेव्हा जमिनीवर गुडघाभर पडलेला असतो. एखाद्या रिसॉर्टवाल्यानं आपल्या आवारात परवानगी दिली तर त्याला विचारून करा. नाही तर आमच्या शेतावर या, विहिरीजवळ मोकळी जागा आहे. येताना पोट्ट्यांना सांगा, रोडग्याची कणीक इथे मळायला लागेल.